साक्षीचा हात

इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्यासोबत नावेत एक निरीक्षक असतो. १९२७ साली डॉ. डोरोथी लोगन यांनी ही सुमारे ३३ किलोमीटरांची खाडी पोहून गेल्याचा खोटा दावा केला, व लवकरच स्वतःच तो खोटा असल्याचे सांगितले. देखरेखीवाचून असा दावा किती सहज खपतो, हे त्यांना दाखवावयाचे होते.

निरीक्षकाने हातांचे फटकारे मोजावे, वेळ व अन्नपाणी टिपावे, आणि पोहणाऱ्यास कोणी आधार देत नाही ना, हे पाहावे. आधाराचा स्पर्श होताच सारे श्रम बाद ठरतात. मग दुसऱ्याचे हाल पाहत हात आखडून बसणे हे निर्दयपण नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. थंडीने शरीराबरोबर विवेकही बधिर होतो. अशा वेळी 'मी ठीक आहे' हे पोहणाऱ्याचे म्हणणे प्रमाण मानता येत नाही. फटकाऱ्यांची घटती संख्या मात्र खरे तेच सांगते. म्हणजे जी नोंद पराक्रमाची साक्ष, तीच प्राणरक्षणाचे साधन होय.

यास्तव हात केव्हा पुढे करावयाचा, हे निरीक्षकाने किनाऱ्यावरच, चित्त शांत असता, ठरवून ठेवावे. ते नावेत ठरवू म्हणणारा एक तर दयेपोटी घाई करील, नाही तर यशाच्या मोहाने उशीर. पहिल्याने श्रम वाया जातात, दुसऱ्याने माणूस.