गणपूर्ती आणि समग्र संघ

संघटना या शब्दात एकत्र येण्याची क्रिया गृहीत धरलेली असते. सभा भरते, हात वर होतात, ठराव मंजूर होतो, आणि या दृश्य घटनांमधूनच अनेकांचा मिळून एक पक्ष उभा राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु एकत्र येणे हेच जर संघाचे सार असेल, तर ज्या काळात एकत्र येणे हाच अपराध ठरतो त्या काळात संघ उरतो काय, आणि उरत असेल तर तो नेमका कशात उरतो, हा प्रश्न टाळता येत नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, तेव्हा कामगार संघटनांपुढे हा प्रश्न व्यवहाराच्या रूपाने उभा राहिला. मुळात मात्र तो धर्मविचाराचा प्रश्न आहे, कारण माणसे एकमेकांशी कशाने बांधली जातात आणि दुरावलेल्याचे काय करायचे, याचा फार जुना आणि काटेकोर विचार धर्मसंघांनी करून ठेवला आहे. त्या विचाराची कसोटी जालना जिल्ह्याच्या अनुभवावर लावून पाहणे म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

जालना शहर बियाण्यांच्या उद्योगासाठी जसे ओळखले जाते तसेच पोलादासाठीही. येथील भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून लोखंडाच्या लगडी ओतल्या जातात आणि त्या लगडींपासून रोलिंग मिलमध्ये बांधकामाच्या सळया काढल्या जातात. या कामावर आसपासच्या तालुक्यांतील माणसे असतात, आणि त्यांच्याबरोबरच ठेकेदारांमार्फत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले तरुणही असतात. अशा ठिकाणी संघटनेचे खरे सभागृह म्हणजे कारखान्याचे फाटक होय. पाळी सुटण्याच्या वेळी तेथे द्वारसभा होते, चहाच्या टपरीवर तक्रार कानावर येते, वर्गणीची पावतीही तेथेच फाडली जाते. भट्टी थंड झाली की पाळी थांबते, आणि पाळी थांबली की फाटकाला अर्थ उरत नाही. त्यामुळे टाळेबंदीने संघटनेची सभा तर बंद केलीच, पण सभासद एकमेकांना सहज दिसण्याची जागाही काढून घेतली.

दुरावलेल्यांना जोडण्याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने त्याच उन्हाळ्यात दिले. २०२० ची आषाढी वारी पायी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपुरास नेण्यात आल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी १ जुलैची एकादशी आपापल्या घरी केली. वारी चुकल्याचे दुःख झाले तरी वारकऱ्याचे वारकरीपण त्यामुळे खंडित झाले नाही, कारण त्याचा मुख्य संबंध ज्याच्याशी आहे तो विठ्ठल अंतराने बाधित होत नाही, आणि वारकरी परस्परांशी जोडले जातात तेही त्या एका केंद्राच्या द्वारे. कामगार संघटनेला असे केंद्र नसते. तिच्यातील नाते सभासदाचे सभासदाशी असते. त्यात विटेवर वाट पाहत उभा असलेला तिसरा कोणी नाही. म्हणून घरी बसून मनाने वारी करता येते, पण मनाने संघटना चालवता येत नाही. एकाने दुसऱ्याची खबर घेतली नाही तर ते नाते केवळ झोपी जात नाही, ते नाहीसेच होते.

या स्थितीला अधिक जवळचा विचार बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांत, सापडतो. मराठवाड्यातील कामगारवस्त्यांना तो परका नाही, कारण १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन करणाऱ्या आणि १९५६ साली धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे बुद्धवंदनेतील संघ हा शब्द या वस्त्यांत रोज उच्चारला जातो. विनयानुसार भिक्षू पंधरवड्यातून एकदा उपोसथासाठी, म्हणजे व्रतदिनाच्या सभेसाठी, एकत्र येतात आणि तेथे पातिमोक्ख या नियमसंहितेचे पठण होते. एका आखलेल्या सीमेच्या आत जेवढे भिक्षू असतील तेवढ्या सर्वांचा हिशेब लागल्याशिवाय ही सभा वैध होत नाही. कोणी आजारी असेल तर त्याने आपली पारिसुद्धि, म्हणजे आपण नियमभंगापासून मुक्त असल्याचे निवेदन, दुसऱ्या भिक्षूबरोबर पाठवावे. संघाचे अन्य काही कार्य असेल तर छन्द, म्हणजे संमती, त्याच प्रकारे पाठवावी. तेही शक्य नसेल तर आजाऱ्याला खाटेसह सभेत आणावे. त्याला हलवल्याने आजार बळावेल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर संघानेच त्याच्याकडे जाऊन तेथे उपोसथ करावा. मात्र कोणाला तरी वगळून, अपुऱ्या संघाने, तो करू नये.

या नियमांच्या मुळाशी समग्ग आणि वग्ग असा भेद आहे. समग्ग म्हणजे समग्र, ज्यात कोणी सुटलेला नाही असा संघ. वग्ग म्हणजे विखुरलेला, अपुरा संघ. आधुनिक संस्थांच्या कारभारात याच जागी गणपूर्ती ही संकल्पना येते. सभा वैध ठरण्यासाठी किमान किती सभासद हजर हवेत, तो आकडा म्हणजे गणपूर्ती. विनयातही किमान संख्येचा नियम आहे, पण तेवढ्यावर तो थांबत नाही. दोन्ही संकल्पना मोजण्याच्याच आहेत, तरी त्यांची दृष्टी परस्परविरुद्ध आहे. गणपूर्ती आलेल्यांना मोजते आणि पुरेसे झाले की मोजणे थांबवते. समग्रता न आलेल्यांना मोजते आणि शेवटच्या नावाचा उलगडा होईपर्यंत थांबत नाही. पहिलीत प्रत्येक सभासद दुसऱ्या कोणाही सभासदाची जागा भरून काढू शकतो, दुसरीत कोणाचीच जागा कोणी भरू शकत नाही. संघ एकत्र येण्यात आहे की आणखी कशात, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे दिसू लागते: संघ भरतो तो उपस्थितांमुळे, पण संघ ठरतो तो अनुपस्थितांशी त्याचे काय नाते आहे यावरून.

कामगाराच्या जगात अनुपस्थितीसाठी खाडा हा नेमका शब्द आहे. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी कापली जाते, आणि ठेकेदाराच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटते. साथीच्या काळात राज्यसंस्थाही मोजणी करत होती: गृहविलगीकरणातील माणसांच्या हातावर शिक्के मारले गेले, प्रवासासाठी पास लागले, जिल्ह्यांच्या हद्दींवर नाकी बसली. ही मोजणी रोगाचा प्रसार रोखण्यासाठी होती आणि तिची गरज नाकारता येत नाही. तरी तिचा हेतू माणसाला जागच्या जागी ठेवणे हा होता. ठेकेदार कापण्यासाठी मोजतो, शासन रोखण्यासाठी मोजते. संघटनेची मोजणी या दोहोंहून वेगळी असायला हवी, कारण तिच्या लेखी खाडा ही मिटलेली नोंद नसून न सुटलेला प्रश्न असतो. माणूस आला नाही, तर तो कोठे आहे, त्याच्याकडे शिधा आहे काय, खोलीभाडे थकले म्हणून त्याला बाहेर काढले तर नाही ना, हे विचारण्याचे बंधन ही मोजणी स्वतःवर घेते.

हे बंधन केवळ कल्पनेतले नाही, हे भारतीय कामगार चळवळीच्या आरंभकाळातच दिसून आले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि त्यांनी तयार केलेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. त्यातील आठवड्याच्या सुट्टीची मागणी गिरणीमालकांनी १८९० साली मान्य केली. रविवारच्या या सुट्टीचा एक अर्थ विश्रांतीचा आहे, तर दुसरा सर्वांना एकाच दिवशी मोकळे करण्याचा, म्हणजे एका परीने कामगारांना त्यांचा उपोसथ मिळवून देण्याचा. पुढे मुंबईत प्लेग पसरला तेव्हा, ज्या सभेसाठी त्यांनी दिवस मिळवला होता ती सभाच अशक्य झाली असताना, लोखंडे रुग्णांच्या सेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. ज्या साथरोग कायद्याने २०२० मध्ये सभांना मनाई झाली, तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, संमत झाला होता. त्यानंतरच्या महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सभा थांबली म्हणून संघ थांबत नाही, तो आजाऱ्याच्या खाटेकडे जातो, हा विनयातला नियम या दोघांच्या कृतीत शब्दशः दिसतो.

महावग्ग या विनयग्रंथातील एक प्रसंग या नियमाची नैतिक बाजू अधिक उघड करतो. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्याकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. इतर भिक्षूंना कारण विचारले असता उत्तर मिळाले, की हा भिक्षू कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याची शुश्रूषा कोणी केली नाही. त्यावर बुद्धांचे म्हणणे असे, की घर सोडून आलेल्यांना येथे आई नाही, बाप नाही, तेव्हा त्यांनीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर ती घेणार कोण. या प्रसंगात उपयुक्तता हा संघातील नात्याचा आधार म्हणून नाकारला गेला आहे. गाव सोडून आलेल्या आणि काम बंद पडताच कोणाच्याच उपयोगाचा न उरलेल्या मजुराला हा प्रसंग जसाच्या तसा लागू पडतो.

तो किती लागू पडतो हे ८ मे २०२० च्या पहाटे दिसले. जालन्यातील पोलाद उद्योगात काम करणारे, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे वीस मजूर आदल्या संध्याकाळी रेल्वेमार्गाने पायी निघाले होते. १ मेपासून श्रमिकांसाठी विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या आणि भुसावळला पोहोचलो तर गाडी मिळेल अशी त्यांची आशा होती. बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान ते थकून थांबले. गाड्या बंद आहेत या समजुतीने त्यांतील बहुतेक रुळांवरच झोपले, आणि पहाटे सव्वापाचच्या सुमारास आलेल्या मालगाडीखाली सोळा जण मरण पावले. नंतर देशभर पाहिल्या गेलेल्या छायाचित्रांत रुळांमधल्या खडीवर विखुरलेल्या पोळ्या दिसत होत्या. वाटेतल्या शिदोरीचा हिशेब कोणीतरी नीट केलेला होता. वाटेवर असलेल्या माणसांचा हिशेब मात्र कोणाच्या वहीत नव्हता. पुढे त्यांची नावे, वये आणि गावे नोंदवली गेली, मृतदेह खास रेल्वेगाडीने त्यांच्या जिल्ह्यांकडे पोहोचवले गेले, आणि जिवंतपणी जी गाडी मिळाली नाही ती अशा रीतीने मिळाली.

या घटनेचे खापर एखाद्या संघटनेवर फोडणे अन्यायाचे होईल, पण ती घटना समग्रतेच्या विचारातील एक अडचण उघडी पाडते. समग्र म्हणजे सीमेच्या आतले सगळे, तर सीमा आखायची कोठे? कायम कामगारांची संघटना असेल आणि ठेक्यावरचा मजूर तिच्या नोंदवहीत नसेल, तर ती संघटना आपल्या सीमेत पूर्ण समग्र राहूनही शेजारच्या खोलीतून वीस माणसे निघून गेल्याचे तिला कळणार नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने अशा मजुराला छायाचित्र असलेले पासबुक देण्याचे आणि प्रवासभत्ता देण्याचे बंधन ठेकेदारावर घातले होते. म्हणजे त्याला कोठेतरी नोंदले जावे हे राज्यसंस्थेलाही तत्त्वतः मान्य होते. बौद्ध परंपरेने या अडचणीवर काढलेला मार्ग असा, की समोर हजर असलेल्या संमुख संघाबरोबरच चातुद्दिस संघ, म्हणजे चारही दिशांचा संघ, ही दुसरी कल्पना तिने मांडली. नाशिकच्या लेण्यांतील उषवदात या दात्याच्या शिलालेखात लेणे दिले आहे ते या चारही दिशांच्या संघाला, आणि तेथे वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठीची रक्कम ठेवली आहे गोवर्धन येथील विणकरांच्या निकायांकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. देणाऱ्याला घेणारा माहीत नव्हता. जो येईल आणि राहील, तो आपला, एवढेच ठरले होते. सुमारे १९०० वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील कारागिरांच्या संघांनी न पाहिलेल्या प्रवाशांसाठी ठेव सांभाळली, ही गोष्ट या संदर्भात क्षुल्लक नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल, की कामगार संघटना हे वाटाघाटीचे साधन आहे, धर्मसंघ नव्हे, आणि करुणेचा भार तिच्यावर टाकला तर वेतनाची लढाई मागे पडेल. आक्षेपात तथ्य आहे, पण तो दोन कामे वेगळी आहेत असे गृहीत धरतो. टाळेबंदीत संघटनांना जी कामे करावी लागली ती पाहता हे गृहीतक टिकत नाही: याद्या करणे, नाव, गाव, आधार क्रमांक आणि फोन क्रमांक उतरवून घेणे, बंद पडलेल्या फोनवर रिचार्ज मारणे, एका खोलीतील एकाला गाठून उरलेल्यांची खबर काढणे, शिधा पोहोचवणे, पाससाठी वैद्यकीय दाखला मिळवून देणे. यांतील प्रत्येक नोंद पुढे थकलेल्या मजुरीच्या दाव्यात पुरावा ठरू शकते. दूरध्वनीवरून विचारलेली खुशाली ही आधुनिक काळातील पारिसुद्धि आहे, आणि आजाऱ्याची संमती दुसऱ्याच्या तोंडून सभेत पोहोचते तशी न आलेल्याची मागणी तिच्यातून वाटाघाटीच्या टेबलावर पोहोचते. ज्याची खबर नाही त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार संघटनेला कोणत्या आधारावर मिळणार?

म्हणून साथीच्या काळात सभासद कसे जोडलेले ठेवावेत, हा प्रश्न साधनांचा कमी आणि मोजणीच्या दृष्टीचा अधिक आहे. फोनच्या पडद्यावर भरलेल्या सभेतही गणपूर्ती होऊ शकते आणि संघ वग्गच राहू शकतो. उलट एकही सभा न भरवता, नावामागून नाव घेत, एखादी संघटना समग्र राहू शकते. साथ ओसरल्यावर भट्ट्या पुन्हा पेटल्या, पाळ्या सुरू झाल्या आणि फाटकावर पुन्हा गर्दी होऊ लागली. गर्दीत उणीव दिसत नाही, हाच गर्दीचा दोष आहे. सभेच्या इतिवृत्तात गणपूर्ती झाल्याची नोंद पहिल्या ओळीत करण्याची प्रथा आहे. तिच्या खालची ओळ न आलेल्यांच्या नावांसाठी आणि त्यांच्याकडे कोण जाणार त्याच्या नावासाठी राखून ठेवली, तर विनयातील तो जुना नियम जालन्यातील फाटकावरही पाळला जाईल.