दात मोजल्याशिवाय पिनियनला हात लावायचा नाही

ती मोटर नाकाशी धर. वास येतोय ना? वाइंडिंगवरचं वार्निश जळल्याचा आहे तो. 'सर, मोटर खराब निघाली' असं पुन्हा म्हणू नकोस. मोटर चांगली होती, ती तू जाळलीस.

रेशो किती ठेवला होतास, एवढंच मी विचारलं. तू म्हणालास, 'एकोणतीसचं पिनियन टाकलं.' हा रेशो नव्हे. मोटरवरचं पिनियन २९ दातांचं, पण समोरचा स्पर गिअर किती दातांचा? आतल्या गिअरपेटीचा रेशो किती? चाकाचा व्यास किती? यातलं एकही तुला सांगता आलं नाही, आणि तरी तू स्क्रू आवळून रिमोटवरची गाडी पळवलीस.

मग आता माझ्यासमोर मांड. स्पर ८७ दातांचा. गाडीच्या पुस्तिकेत पिनियन २१ चं सांगितलंय. ८७ भागिले २१, गुणिले आतला २.६. आले १०.७७. म्हणजे मोटर पावणेअकरा फेरे फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. मोटर ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे; बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे मिनिटाला २५,९०० फेरे. १०० मिलिमीटरच्या चाकावर ताशी साधारण ४५ किलोमीटर. मैदानावर धावणाऱ्या गाडीला हे भरपूर आहे. तू २९ चं लावलंस आणि रेशो ७.८ वर आणलास. वर ११५ मिलिमीटरची चाकं चढवलीस, कारण ती दिसायला दणकट. मोठं चाक म्हणजे रेशो आणखी खाली ओढणं, हे तुझ्या ध्यानातही आलं नाही. कागदावर वेग झाला ७२. पण गाडी पुढे ढकलायला मोटरला आता १.५९ पट जोर लावावा लागतो, म्हणजे करंटही तेवढ्याच पटीने वाढतो. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. वर्ग कर. अडीचपट! जळण्याचं कारण या एका आकड्यात आहे, आणि तो काढायला दोन मिनिटं पुरली असती.

व्हिडिओतल्या मुलाने २९ चंच लावलं होतं म्हणतोस. तो सपाट डांबरावर पळवत होता. तू जुलैतल्या पनवेलच्या ओल्या मातीत, घोट्याएवढ्या गवतात. तिथे ७२ चा वेग गाडीला कधी मिळालाच नाही. मोटर दबून, हळू फिरत राहिली. हळू फिरणारी मोटर उलटा व्होल्टेज कमी तयार करते, म्हणून बॅटरीतून जास्त करंट खेचते. वेगासाठी लावलेल्या पिनियनने तुझा वेगही नेला आणि मोटरही.

रोज पनवेल स्टेशनातून येतोस. जवाहरलाल नेहरू बंदराचे कंटेनर ओढणारं डब्ल्यूएजी-९ इंजिन आणि प्रवासी गाडीचं डब्ल्यूएपी-७ एकदा नीट बघ. दोन्हींत सहा-सहा मोटरी, एकाच घराण्यातल्या. चित्तरंजनच्या कारखान्याने मालगाडीच्या इंजिनाचाच गिअर रेशो बदलून प्रवासी इंजिन उभं केलं. मालगाडीला ७७ ला १५, म्हणजे ५.१३. प्रवासी गाडीला ७२ ला २०, म्हणजे ३.६. पहिलं ताशी १०० वर थांबतं, दुसरं १४० गाठतं. पण सुरुवातीची ओढ पहिल्याची सुमारे ४६० किलोन्यूटन, दुसऱ्याची ३२३. भागून बघ, ओढीचं प्रमाण आणि रेशोचं प्रमाण एकच येईल. वेग घेतला तेवढी ओढ सोडावी लागली. हजारो टन ओढणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. आणि त्या इंजिनांना, तुझ्या गाडीसारखंच, चालताना गिअर बदलता येत नाही. म्हणून आधी काम ठरवतात, मग दात.

मोटर तापते म्हणून तू पंखा बसवलास, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मोटर तुला सांगत होती आणि तू तिचं तोंड बंद केलंस. वाइंडिंग नवं भरता येईल. अतितापाने चुंबकाची गेलेली ताकद परत येत नाही.

स्परचे दातही खरवडलेत. स्पर ४८ पिचचा, पिनियन ०.६ मॉड्यूलचं. ४८ पिच म्हणजे ०.५३ मॉड्यूल. ते एकमेकांत बसणारच नव्हते.

यापुढे असं चालेल. पिनियन पुस्तिकेपेक्षा दोन दात लहान लावायचं. दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी धरून मोटर आवळायची, मग पट्टी काढायची. तीन मिनिटं पळवायची आणि थर्मामीटरने मोटर मोजायची. ७० अंशांच्या आसपास आली की थांबायचं. थंड राहिली तर एक दात वाढवायचा, एकच. प्रत्येक वेळी पिनियन, चाक, जमीन, तापमान वहीत लिहायचं. थ्री-एस, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीचं तुझं चाललंय ते मला कळलंय. व्होल्टेज दीडपट होईल. त्या दिवशी २१ चं पिनियन १४ वर आणायचं, नाहीतर ती बॅटरी या खोलीत आणायची नाही.

तुझा हात चांगला आहे. सोल्डरिंग या वर्गात तुझ्याइतकं स्वच्छ कुणाचं नाही. म्हणूनच हा आळस मला सहन होत नाही. वहीत पाच गणितं करून आण, पाच वेगवेगळ्या पिनियनची. ती तपासल्यावरच कपाटातली दुसरी मोटर देईन.