कडकनाथ आणि पाचशे नव्याण्णवची पैठणी

दिवाळीत इस्लामपूरला गेलो होतो. आत्याच्या घरी पणत्यांचं खोकं काढून द्यायला माळ्यावर चढलो, तर ट्रंकेमागे कुरिअरची एक पिशवी दिसली. आत जांभळं, सुळसुळीत कापड होतं. साडी म्हणावी एवढी त्याची लांबी नव्हती. पदरावर मोर होते, पण छापलेले. खाली येऊन विचारलं, तर आत्याने आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "दादाला बोलू नकोस. पैठणी हाय ती. पाचशे नव्याण्णवची."

मला हसू आलं आणि लगेच हसू आल्याची लाजही वाटली. ती का वाटली, ते पुढे सांगतो.

आत्या भोळी नाही. आठवडा बाजारात ती वांगं देठापासून तपासते, कोथिंबिरीची जुडी सोडून आतली पानं बघते आणि तराजूच्या काट्याकडे अशी टक लावून बसते की विकणाराच अवघडतो. 'मापात पाप' हा शब्द मी तिच्याच तोंडून शिकलो. फेसबुकवर ही जाहिरात दिसली तेव्हाही तिने डोळे मिटून बटण दाबलं नव्हतं. आधी खालच्या कमेंट वाचल्या, सगळ्या कौतुकाच्या होत्या. मग कॅश ऑन डिलिव्हरी आहे का, ते पाहिलं. साडी दारात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढी खबरदारी तिने घेतलीच होती.

आणि नेमकी या दोन खबरदाऱ्यांवरच ती फसली. आपल्या पानावरच्या नकोशा कमेंट लपवण्याची सोय पान चालवणाऱ्याकडे असते, त्यामुळे रडणारी माणसं तिला दिसलीच नाहीत. आणि पार्सल आणणारा पोरगा पैसे घेतल्याशिवाय पिशवी फोडू देईना. त्याचंही चुकलं नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. त्या पोराचा आणि त्या साडीचा तेवढ्या पाच मिनिटांपुरताच संबंध.

हे ऐकताना मला २०१९ सालचं इस्लामपूर आठवत होतं. मी तेव्हा नुकताच इंजिनिअर होऊन पुण्याला आलो होतो आणि ऑफिसात कुणी गाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे ते कडकनाथवालं?"

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली कोंबडी. पिसं काळी, कातडी काळी, मांसही काळसर. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा बोलबाला वाढला. इस्लामपुरातल्या महारयत ॲग्रो या कंपनीची योजना अशी होती, की शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी पिल्लं आणि खाद्य देणार आणि पुढे अंडी, कोंबड्या चढ्या भावाने कंपनीच परत घेणार. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि त्यापलीकडच्याही शेतकऱ्यांनी पैसे भरले. मग तक्रारी सुरू झाल्या, की खाद्य येत नाही, अंडी न्यायला गाडी येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इस्लामपूर पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यात आली, तेव्हा ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकून निषेध झाला. त्या व्हिडिओवर देश हसला.

तेव्हा पारावर आणि व्हॉट्सॲपवर एकच निकाल ऐकू येत होता, 'हाव नडली.' मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला गेली कित्येक वर्षं प्रत्येक कृषी प्रदर्शनात, प्रत्येक व्याख्यानात एकच उपदेश मिळतो, जोडधंदा करा. उसाचं बिल येईल तेव्हा येईल, तोवर घर चालवायला दुसरं काहीतरी हवं. म्हणजे सगळे शहाणे जे सांगत होते तेच त्याने केलं. शिवाय उडी मारण्याआधी त्याने चौकशीही केली. कशी केली असेल? आपण सगळे करतो तशी. आधी ज्यांनी केलं त्यांना विचारलं, "तुम्हाला पैसे मिळाले का?" अशा योजनेत सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळतात, मिळावेच लागतात. ज्याला मिळाले तो खोटं बोलत नसतो. नव्या गाडीवरून फिरणारा शेजारी ही जगातली सगळ्यात प्रामाणिक जाहिरात, आणि तिचा खर्च येणाऱ्या पुढच्या माणसाच्या खिशातून होतो.

विचारायचा प्रश्न वेगळा होता. एवढ्या महागाची ही अंडी शेवटी खाणार कोण? अंड्यातून पिल्लं काढायची आणि ती पुढच्या शेतकऱ्याला द्यायची, त्याच्या अंड्यांतून त्याच्या पुढच्याला, असं चाललं तर गिऱ्हाईक म्हणून कुणी उरतच नाही, नुसते पुरवठादार उरतात. पण हा प्रश्न विचारायला कंपनीच्या धंद्याचा हिशोब मांडावा लागतो आणि 'पैसे मिळाले का' विचारायला फक्त शेजारी लागतो.

पैठणीचंही तेच. हातमागावरची खरी पैठणी विणायला विणकराचे आठवडे, कधी महिने जातात. त्यात रेशीम, जर, मग कुरिअर, मग ती जाहिरात. पाचशे नव्याण्णवमध्ये यातलं कुणाचं पोट भरतं? हाच प्रश्न फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या स्मार्टफोनलाही लागू होता. तेव्हा इतक्या लोकांनी नोंदणीसाठी धाव घेतली की पहिल्याच दिवशी वेबसाइट कोलमडली. त्या गर्दीत मीही होतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होतो, एका स्क्रीनची किंमत किती असते ते मला माहीत होतं, तरीही. मनात म्हटलं, २५१ तर आहेत.

'तर आहेत' या दोन शब्दांवर हा सगळा बाजार उभा आहे. पाचशे नव्याण्णव ही रक्कम उगाच ठरत नाही. ती गेली तर चुटपुट लागेल इतकी मोठी आहे आणि तिच्यासाठी कुणी तक्रार करत बसणार नाही इतकी लहान. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे. आत्याला मी दोन्ही सांगितले. ती म्हणाली, "आणि त्यांनी इचारलं, एवढ्यात पैठणी कशी आली आसती बाई, तर काय सांगू?"

फसवणाऱ्याला पोलिसांपेक्षा जास्त भरवसा या लाजेचा असतो. आपण फसलेल्याला हसतो, म्हणून तो पिशवी ट्रंकेमागे लपवतो, म्हणून शेजारीण पुढच्या आठवड्यात तीच साडी मागवते. कडकनाथला 'हाव नडली' म्हणणारे आम्ही सगळे, त्यात मीही, या साखळीतली एक कडी होतो.

आता माझ्या लाजेबद्दल. २०२२ मध्ये मी ज्या कंपनीत होतो तिच्या एका गिऱ्हाईकासाठी आम्ही विक्रीची वेबसाइट बनवत होतो. माझ्याकडे एक छोटं काम आलं. वस्तूच्या फोटोखाली लाल अक्षरांत 'ऑफर संपायला ०९:५९' असं उलटं मोजणारं घड्याळ लावायचं. ते मोजत काहीच नव्हतं. पान पुन्हा उघडलं की परत दहा मिनिटं. शेजारी 'आत्ता १७ जण ही वस्तू पाहत आहेत' अशी ओळ होती. तो आकडा ठरावीक मर्यादेत यदृच्छेने काढलेला होता, मीच काढला होता. अर्ध्या दिवसाचं काम. मी साहेबांना विचारलं, "हे खोटं नाही का?" ते म्हणाले, "सगळेच करतात. आणि घेणाऱ्याला कुणी जबरदस्ती करतंय का?"

हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घोळवला. जबरदस्ती नाही हे खरं. घेणाऱ्याने सावध राहावं हेही खरं. पण ते घड्याळ कशासाठी होतं? सावध राहायला जो वेळ लागतो तोच काढून घेण्यासाठी. एका हाताने माणसाचा विचार तोडायचा आणि दुसऱ्या हाताने 'विचार करायला हवा होतास' म्हणायचं, यात सौदा कुठे राहिला? बाजारातला बागवानही "शेवटचे दोन किलो, मावशी" म्हणून ओरडतो. पण त्याची पाटी समोर असते, आत्या वाकून बघते आणि म्हणते, "खाली पोत्यात काय हाय मग?" दोघंही हसतात. तो खेळ दोघांना माहीत असतो, आणि पुढच्या आठवड्यात तो त्याच जागी बसणार असतो. रात्री अकरा वाजता पांघरुणात फोन घेऊन बसलेल्या माणसाला पोतं दिसत नाही, शेजारची बाईही दिसत नाही. दिसतात ते सतरा जण, आणि ते मी केलेले.

नोकरी मी सोडली नाही, घरभाडं होतं. घड्याळ गेलं ते निराळ्याच कारणाने. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात फसव्या मांडणीचे तेरा प्रकार दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोटी घाई हा आहे. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, 'नको' म्हणणाऱ्याला ओशाळं करणं हेही त्या यादीत आहे. काही दिवसांनी कंपनीच्या वकिलांकडून चार ओळींचा मेल आला आणि दुपारपर्यंत घड्याळ काढलेलं होतं. मीच काढलं. लावायला अर्धा दिवस लागला होता, काढायला दहा मिनिटं. खरोखरची दहा.

नियमाने सगळं सुटतं असं नाही. आत्याची साडी पाठवणारं ते पान मी शोधलं, तर ते केव्हाच गायब झालं होतं. तेच मोर आता दुसऱ्या नावाच्या पानावर नाचत होते. नाव बदलणाऱ्याला मार्गदर्शक तत्त्वं कोण नेऊन देणार? त्याच्यापुढे अजून तरी माणसांची तोंडंच कामाची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची कल्पना साधी होती, की घरांनी संघ करून महिन्याचा माल एकत्र घ्यायचा. विकणारा संघटित असेल तर घेणाऱ्याने एकट्याने का उभं राहायचं? फोनने आपल्याला दुकान घरात आणून दिलं, पण एकेकटं करून.

म्हणून त्या संध्याकाळी मी आत्याला माझ्या घड्याळाची गोष्ट सांगितली. सतरा जणांचीही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यासारख्या बायकांसाठी तू ते लावत होतास?" मी 'हो' म्हटलं. ती उठली, आत गेली आणि चहा ठेवला. माझ्याशी बोलली ते थेट दुसऱ्या दिवशी.

संक्रांतीला गेलो तेव्हा त्या जांभळ्या कापडाच्या तिने भाजीच्या पिशव्या शिवल्या होत्या, तीन. एक माझ्या आईला दिली होती, एक शेजारणीला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी पिशवी उचलून म्हणालं, "झ्याक हाय की कापड! कुठनं घेतलंस?"

आत्याने माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि म्हणाली, "बस खाली. सांगते."