शब्दप्रामाण्य आणि मोबाइलवरचा विश्वास

दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान केव्हा खरे मानावे, हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील सामान्य माणसापुढे आता मोबाइलमधून रोज येत असतो. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले, पण तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घातली. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त होय; हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना त्याने सारखेच लावले. याचा अर्थ असा की पद, वेश किंवा वंश यांच्यामुळे कोणी आप्त ठरत नाही.

संगणक-सुरक्षेची परिभाषा या कसोटीवर चांगली उलगडते. बँक, वीजखाते किंवा कुरिअर यांचे सोंग घेऊन पाठवलेल्या संदेशाद्वारे गुप्त माहिती काढून घेणे याला फिशिंग म्हणतात. यात खोटा असतो तो मुळात बोलणाऱ्याचा आप्तपणा. पासवर्ड ठाऊक असणे हा ओळखीचा एक पुरावा, तर थोड्याच वेळापुरता आणि एकदाच चालणारा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन हाती असणे हा दुसरा. दोन्ही मागणाऱ्या व्यवस्थेला द्विस्तरीय पडताळणी हे नाव आहे, आणि ओटीपी परक्याला सांगणारा माणूस आपला दुसरा पुरावाच त्याच्या स्वाधीन करतो.

पडताळणीची ही साखळी थांबते कोठे, यावर मीमांसादर्शनाचे अनुयायी मीमांसक आणि न्यायदर्शनाचे अनुयायी नैयायिक यांचा मोठा वाद झाला. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुरावा येईपर्यंत ते खरे मानावे. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावे लागते. त्यावर मीमांसकांचा आक्षेप असा, की प्रत्येक पुराव्याला दुसरा पुरावा मागितला तर अनवस्था, म्हणजे कधीही न संपणारी मालिका, निर्माण होते. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांपुढे हीच अडचण असते, कारण एका प्रमाणपत्राची ग्वाही दुसरे देते आणि दुसऱ्याची तिसरे. शेवटी मूळ प्रमाणपत्र स्वतःच स्वतःवर सही करते आणि ब्राउझर ते आधीच ग्राह्य धरून चालतो. पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप एवढेच सांगते की मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही आणि समोरचे संकेतस्थळ त्याच पत्त्याचे आहे; त्याचा मालक प्रामाणिक आहे की लबाड, हे त्या कुलपावरून कळत नाही.

बोलणाऱ्याचा प्रामाणिकपणा अशा खुणेवरून कळत नसेल, तर त्याचा शब्द कोणत्या रीतीने पुढे येतो हे पाहावे लागते; त्यासाठी गोव्यातील देवळांत कौल, म्हणजे देवाचे उत्तर, घेण्याची रीत विचारात घेण्याजोगी आहे. मूर्तीवर ठरावीक जागी फुलाच्या पाकळ्या लावतात, पुजारी देवापुढे गाऱ्हाणे घालतो आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते यावरून उत्तर समजले जाते. उत्तरावरची श्रद्धा हा भक्ताचा प्रश्न आहे. परंतु गाऱ्हाणे उघड आवाजात होते, गावाचा प्रश्न असेल तर मानकरी समोर असतात, आणि पाकळी पडेपर्यंत सारे थांबून राहतात. फसवणाऱ्याची रीत याच्या नेमकी उलट असते. ‘डिजिटल अरेस्ट’चा धाक घालणारा तोतया अधिकारी व्हिडिओ कॉल बंद करू देत नाही, घरच्यांशी बोलू देत नाही आणि पैसे ताबडतोब मागतो, कारण त्याचा शब्द साक्षीदारापुढे आणि सवडीने तपासला गेला तर टिकत नाही.

म्हणून अनोळखी शब्दावर शंका घेणे म्हणजे अश्रद्धा, हा समज टाकून द्यायला हवा. ज्या परंपरेने शब्दाला प्रमाणाचे स्थान दिले तिनेच बोलणाऱ्याची परीक्षाही सांगितली आहे. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही तरतूद नाही आणि कोणतीही बँक फोनवरून ओटीपी विचारत नाही. असा फोन आला तर तो बंद करावा, घरातल्या माणसाला सांगावे, बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः विचारणा करावी, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.