विंचू आणि पहिले शील

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी शाळेच्या कुंपणाचा दगड पहारीने उलथताच खाली एक विंचवीण दिसली. पाठीवर पांढुरकी पिल्ले दाटीने बसलेली. एका मुलाने धोंडा उचलला. म्हणाला, “गुरुजी, ठेचू द्या. नाहीतरी पिल्लं आईला खाणारच.”

मी त्याला थांबवले. पण त्याला दोष कसा देऊ? माझी धाकटी बहीण विंचू चावून गेली. रात्रभर विंचू उतरवणारा मंत्र पुटपुटत राहिला आणि दवाखाना राहून गेला. पुढे कित्येक वर्षे मी दिसेल तो विंचू ठेचला.

‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणणाऱ्या घराने विंचू मारावा की नाही? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. पाळण्याखाली विंचू निघाला आणि दुसरा उपाय नसेल, तर ती गरज. रानात दगडाखाली बसलेल्याला शोधून ठेचणे ही इच्छा. माझा तर सूड होता.

परंतु गरज ओळखायची कशी? त्यासाठी आधी पाहावे लागते. विंचू रात्री बाहेर पडतो, किडे खातो. माणसावर आपण होऊन धावत नाही; हातापायाखाली आला की नांगी मारतो. थोराड काळ्या इंगळीला आपण अधिक भितो, पण जिवावर बेततो तो बारीक चिमट्यांचा लहान तांबडा विंचू. भीतीचे डोळे असे चुकतात.

महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण असेच डोळसपणे पाहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे त्यांनी नोंदवली. प्राझोसिन या औषधाचा गुण त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. त्या उपचाराने असंख्य जीव वाचले. म्हणून विंचू चावला की मांत्रिकाकडे नव्हे, थेट दवाखान्यात जावे.

त्या दिवशी मुलांना लांब बसवून पाहू दिले, मग दगड जपून पूर्ववत ठेवला. काही दिवसांनी पुन्हा उचलला. पिल्ले कात टाकून आपापल्या वाटेने गेली होती. आई जिवंत होती. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याने केली त्याने पाहिले होते. आईला खाण्याची गोष्ट सांगणाऱ्याने पाहिले नव्हते.

धोंडा उचलणारा तो मुलगा बराच वेळ वाकून पाहत होता. या वेळी त्याचे हात रिकामे होते.