उन्हाचा वाटा

पावसाळा सरला की कोर्लई, रेवदंडा, मुरूड या किनाऱ्यावर ऊन जणू घरोघरी कामाला येते. बोंबील वाळतात, जवळा वाळतो, जाळी वाळतात. उन्हाळ्यात आमसुले, गोधड्या आणि तान्ह्या मुलांची दुपटी अंगणभर पसरतात. या उन्हात एका फडक्याला मात्र वाटा मिळत नाही. मासिक पाळीत वापरलेली सुती घडी धुऊन झाली की कित्येक घरांत ती न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगली जाते, नाहीतर परकराखाली दडवली जाते. ज्या वस्त्राला उन्हाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला काळोख येतो. असे का व्हावे?

‘मर्यादा पाळायला नको का?’ असे कोणी विचारील. पाळावी. परंतु मर्यादा आणि लाज यांत भेद आहे. मर्यादा स्त्रीच्या देहाचा मान राखते. लाज तिला मुकाट्याने दुखणे सोसायला लावते. ओलसर राहिलेले फडके पुन्हा वापरले तर खाज, पुरळ, जंतुसंसर्ग यांना वाट मिळते. स्त्रीचे आरोग्य खर्ची घालून जे झाकले जाते, त्याला सद्‌गुण कसे म्हणावे?

खरे तर ही निगा मुळीच अवघड नाही. फडके आधी थंड पाण्यात खळबळावे, कारण गरम पाण्याने डाग धरतो. मग साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावे आणि कोरड्या पिशवीत ठेवावे. चार ते सहा तासांनी ते बदलावे. विरले की टाकून द्यावे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ऊन मिळत नाही, तेव्हा वाऱ्याशी वाळवून वर गरम इस्त्री फिरवावी. हे सारे साधे आहे. पण त्यासाठी पाणी हवे, आडोसा हवा आणि घरच्यांची समजूत हवी.

‘आता दुकानात पॅड मिळतात, मग हा खटाटोप कशाला?’ हा प्रश्नही रास्त आहे. शाळकरी मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत मिळावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली ‘अस्मिता’ योजना आणली, ती पाळीमुळे मुलींची शाळा बुडू नये म्हणूनच. पॅडने अनेकींची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु टाकलेले पॅड जाते कुठे? त्यात बहुधा प्लास्टिक असते. ते लवकर कुजत नाही. ते खाडीत तरंगते, किंवा कुणा कचरावेचक भगिनीच्या उघड्या हातांत येते. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेला २०१७ साली नागरिकांना विनवावे लागले की, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला ते उघडावे लागणार नाही. आपण जे लपवले ते नाहीसे झाले नाही. ते गरिबाच्या हाती गेले.

केरळातील कुंबळंगी हे आपल्यासारखेच खाडीकाठचे, मासेमारीवर जगणारे गाव. तेथे पाच हजारांहून अधिक मासिक पाळीचे कप वाटण्यात आले, ते वापरण्याचे शिक्षण देण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये गाव ‘सॅनिटरी नॅपकिनमुक्त’ जाहीर झाले. हा कप पाळीच्या आधी व नंतर उकळून घेतला आणि हात स्वच्छ ठेवले तर वर्षानुवर्षे चालतो. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही तो सुरक्षित ठरला.

लेवीय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात पाळीतल्या स्त्रीला अशुद्ध म्हटले आहे. कावळा शिवला, विटाळ झाला, ही आपल्याकडची भाषाही त्याच जातीची. पण मार्कच्या शुभवर्तमानातली ती स्त्री आठवा. बारा वर्षे रक्तस्राव, सारी पुंजी वैद्यांवर संपलेली. ती गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला हळूच शिवली. त्याला विटाळ झाला नाही. तीच बरी झाली. त्याने तिला सर्वांसमोर बोलावले आणि मुलगी म्हणून हाक मारली. ती लपून आली होती. परत गेली ती मान ताठ करून.

म्हणून घडी, कप की पॅड, हा निर्णय जिचा देह तिचाच असावा. दिवसभर बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला, जिथे शौचालय नाही आणि पाणी नाही, तिथे फडके धुण्याचा उपदेश करणे हाही अन्यायच. कर्तव्य उरते ते आपले सर्वांचे. शाळेत, बाजारात, चर्चच्या आवारात पाण्याची आणि आडोशाची सोय हवी. घरात बापाने, भावाने त्या फडक्याकडे पाहून नाक मुरडू नये. आणि दोरी बांधताना, जिथे ऊन सर्वांत जास्त वेळ राहते तिथे, त्यासाठी वीतभर जागा सोडावी.