प्रथिनाची शुद्धता आणि विवेकाची

आमच्या धर्मग्रामातील एक कन्या जीवरसायनशास्त्राची पदवी घेऊन एका संशोधनसंस्थेत कामाला लागली. एका रविवारी मिस्सानंतर ती कचेरीत आली आणि म्हणाली, "फादर, मी ज्या पेशींमध्ये प्रथिने तयार करते त्या एका न जन्मलेल्या बाळापासून आलेल्या आहेत, असे मला परवा कळले. मी हे काम करावे की सोडावे?" आम्ही तिला त्याच क्षणी उत्तर दिले नाही. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो ते धन्याच्या दुष्कृत्यासाठी शिडी धरणाऱ्या नोकराच्या जुन्या उदाहरणावर. या मुलीच्या हाती शिडी नव्हती, काचेची नळी होती. म्हणून आम्ही आधी तिचे काम समजून घेतले. जे कर्म नीट ठाऊक नाही, त्याचा निवाडा करू नये.

प्रथिने म्हणजे शरीरातील कामकरी. रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन, रोगजंतूंना ओळखणारी प्रतिपिंडे, अन्न पचविणारी विकरे, ही सारी प्रथिनेच. एखाद्या रोगाचा अभ्यास करायचा तर त्याच्याशी निगडित प्रथिन संशोधकाला स्वच्छ आणि पुरेसे मिळावे लागते. मानवी शरीरातून ते काढणे बहुधा शक्य नसते. म्हणून त्या प्रथिनाचा आराखडा ज्या जनुकात असतो, ते जनुक दुसऱ्या सजीव पेशीत घालतात, आणि ती पेशी आपल्या नित्य कामाबरोबर हेही प्रथिन घडवू लागते. १९७३ साली कॅलिफोर्नियात स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी ई. कोलाय या जीवाणूत परकी जनुके घालण्याची रीत सिद्ध केली. १९७८ साली मानवी इन्शुलिन जीवाणूंकडून घडवून घेण्यात आले आणि १९८२ साली अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. त्यापूर्वी मधुमेहाचे रुग्ण डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर जगत. या विद्येने किती घरे सावरली, हे आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यास जातो तेव्हा पाहतो. तिला सरसकट दोष देणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु जीवाणू हा साधा जीव. मानवी प्रथिनांपैकी कित्येकांवर शर्करांच्या साखळ्या जडलेल्या असतात, त्यांच्या घड्याही गुंतागुंतीच्या असतात. जीवाणूला ते साधत नाही. तेथे सस्तन प्राण्यांच्या पेशी घेतात. चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजकोशाच्या पेशी १९५७ पासून प्रयोगशाळांत वाढविल्या जात आहेत. दुसऱ्या, मानवी पेशी, 'हेक २९३' या नावाने ओळखल्या जातात. आमची ही कन्या त्या पेशी पोषक द्रवात वाढविते, त्यांत जनुक सोडते, आणि काही दिवसांनी पेशी गाळून, प्रथिन उतरलेला द्रव निकेलयुक्त मण्यांनी भरलेल्या नळीतून जाऊ देते. हव्या त्या प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे सहा घटकांचे शेपूट मुद्दाम जोडलेले असते. ते निकेलला धरून राहते. बाकीचे बहुतेक सारे वाहून जाते. मग इमिडाझोल नावाचे द्रव्य सोडले की धरून राहिलेले प्रथिन सुटे होते. शेवटी जेलवर परीक्षा होते. एकच ठळक रेघ उमटली तर प्रथिन शुद्ध. ती रेघ दिसली की दिवसाचा शीण उतरतो, असे ती म्हणाली.

आता त्या पेशींचा इतिहास. हॉलंडमधील लायडन येथे ॲलेक्स व्हॅन डेर एब यांच्या प्रयोगशाळेत १९७३ साली फ्रँक ग्रॅहम या कॅनडाच्या तरुण संशोधकाने एका गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ॲडिनोविषाणूचे डीएनए घातले आणि त्या पेशी अखंड वाढू लागल्या. ग्रॅहम यांचा तो २९३वा प्रयोग, म्हणून ते नाव. गर्भ मुलीचा होता. तो गर्भपात करविलेला होता की नैसर्गिक, याची नोंद उरलेली नाही. २००१ साली अमेरिकी औषध प्रशासनाच्या समितीपुढे व्हॅन डेर एब यांनी सांगितले की गर्भ निरोगी असल्याचे आपल्याला आठवते, पण गर्भपाताचे कारण आता ठाऊक नाही. त्या पेशींचे वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांच्यासाठी नव्या गर्भाची गरज लागत नाही. मात्र जिच्यापासून त्या आल्या, तिला नाव नाही आणि थडगेही नाही.

येथे नीतिशास्त्राचा जुना विवेक उपयोगी पडतो. संत आल्फोन्स लिगोरी यांनी अठराव्या शतकात दुसऱ्याच्या दुष्कृत्याशी होणाऱ्या सहकार्याचे दोन प्रकार वेगळे केले. एकात मनाने त्या कृत्यास संमती असते. ते सदैव पाप. दुसऱ्यात मनाची संमती नसून आपले कर्म तेवढे त्या कृत्याशी जोडले जाते. तेथे ते जोडणे किती जवळचे आणि कारण किती गंभीर, हे पाहावे लागते. लायडनला जे घडले ते या मुलीच्या जन्मापूर्वी घडले. तिने ते इच्छिले नाही, आणि तिच्या कामामुळे दुसरे मूल मारले जात नाही. तेव्हा "तू पापात आहेस" असे आम्ही तिला म्हणू शकत नव्हतो.

तथापि एवढ्यावर थांबणे सोयीचे असले तरी पुरेसे नव्हे. २००८ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने 'डिग्निटास पर्सोने' या निर्देशपत्रात संशोधकाला वेगळे बजावले आहे: गर्भपाताशी निकटचा संबंध नसला तरी अशा मूळ असलेली सामग्री नाकारणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे, कारण ती मुकाट्याने वापरीत राहिल्याने अन्यायाला समाजात मान्यता मिळाल्यासारखे होते. त्याच पत्रात असेही म्हटले आहे की जबाबदारीला पायऱ्या असतात. पेशी कोणत्या वापरायच्या हे ठरविणाऱ्याची जबाबदारी आणि ज्याला त्यात बोलण्याचा अधिकार नाही त्याची जबाबदारी एक नव्हे. गंभीर कारण असेल, जसे मुलांच्या आरोग्यास धोका, तर अशी लस वापरणेही क्षम्य ठरते. गर्भपात नैसर्गिक असल्याचे उद्या सिद्ध झाले तर हे ओझे उतरेल. पण जे सिद्ध नाही त्याच्या आधारे निश्चिंत होणे बरे नव्हे.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरताच आहे असे कोणी समजू नये. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड लस याच हेक २९३ पेशींत घडविलेली होती. २१ डिसेंबर २०२० रोजी त्याच मंडळाने, पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने, स्पष्ट केले की निर्दोष मुळाची लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेणे नीतीस सोडून नाही. मात्र घेणे म्हणजे गर्भपातास संमती नव्हे, आणि निर्दोष लसींची मागणी थांबता कामा नये. २०२१ साली आम्ही ती लस घेतली आणि वेदीवरून तुम्हांलाही घ्या म्हटले. ते योग्यच होते. परंतु निवेदनाचा दुसरा अर्धा भाग आम्ही सांगितला नाही. लोक बिचकतील ही आमची भीती. प्रौढ भाविकांना अर्धे सत्य पुरते असे मानणे हे आमचे न्यून होते, आणि या मुलीच्या प्रश्नाने ते आमच्या पदरात घातले.

मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मुख्य याजकांनी उचलली. हे रक्ताचे मोल, मंदिराच्या भांडारात टाकणे विधियुक्त नव्हे, असे ठरवून त्यांनी कुंभाराचे शेत विकत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी. हेतू चांगला होता. पण ती नाणी मुळात त्यांनीच मोजून दिली होती, हे त्यांच्या तोंडून निघाले नाही. भांडाराच्या शुद्धतेची त्यांना काळजी. ज्या निरपराध्याचे रक्त सांडायचे होते त्याची नव्हे. आम्हांला या वृत्तांताचे भय वाटते. "मी हात लावला नाही" एवढेच सिद्ध करण्यात ज्याचे समाधान होते, त्याला स्वतःची शुद्धता प्रिय असते. ते बाळ नव्हे. "सारेच वापरतात" म्हणून जो पुढे जातो, त्याला तर तेही प्रिय नसते.

म्हणून आठवड्याने आम्ही तिला सांगितले, "बाळ, काम सोडू नकोस, पण गप्पही राहू नकोस. प्रत्येक प्रथिनाच्या वेळी विचार, हॅमस्टरच्या पेशी चालणार नाहीत का, यीस्ट चालणार नाही का? पुष्कळदा जुन्या पेशी केवळ सवयीने घेतल्या जातात. जेथे तुझे चालत नाही तेथे आपले मत नम्रपणे नोंदव. आणि उद्या तू प्रमुख झालीस, तर आजचे हे बोलणे विसरू नकोस."

तिने विचारले. एका प्रथिनासाठी हॅमस्टरच्या पेशी चालल्या. उत्पादन कमी आले, वेळ अधिक गेला, वरिष्ठांची थोडी नाराजीही तिने सोसली. दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत निर्णय पूर्वीचाच राहिला आणि ती ते काम करीत आहे. तिचे मन पूर्ण निवांत झालेले नाही. ते व्हावे असे आम्ही तिला सुचविलेही नाही. प्रथिनाला चिकटलेले सारे धुऊन एकच रेघ उरविता येते. माणसाच्या कर्माचा इतिहास तसा धुता येत नाही. तो स्मरणात ठेवून पुढचे पाऊल अधिक जपून टाकणे एवढेच आपल्या हाती असते.

हेरोदाने मारलेल्या बालकांचीही नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, तरी ख्रिस्तसभा दर वर्षी २८ डिसेंबरला त्यांचा सण पाळते. यंदा त्या दिवशीच्या मिस्सात लायडनच्या त्या मुलीसाठी आणि तिच्या आईसाठी आम्ही प्रार्थना करणार आहोत. ज्यांनी ती लस घेतली, त्यांनी शक्य असल्यास यावे.